चढणीचे बूट

रेवतीला आणखी मऊ बूट हवे होते. दोन वर्षांपासून चढ लागला की तिचे पाय शिशासारखे जड होत. म्हणूनच हिमालयातल्या मोहिमेचं नेतृत्व तिने गेल्या महिन्यात रडत रडत सोडलं होतं. आता टेकडीपुरतं चालता आलं तरी पुरे, असं म्हणत ती नवऱ्यासोबत, निरंजनसोबत, दुकानात आली.

दुकानातल्या शाहीनने तिला आधी तिरप्या पट्ट्यावर अनवाणी चालवलं. मग तिच्या पायातले बूट यंत्राला जोडले. चाल ओळखून आपला तळ कडक-मऊ करणारे ते बूट निरंजननेच तिला वाढदिवसाला दिले होते.

"ताई, तुमचे पाय ठणठणीत आहेत," शाहीन गोंधळून म्हणाली. "चढ लागला की तळ वाळूसारखा ढिला करायचा, असं या बुटांनाच सांगून ठेवलंय. तुमच्या घरच्याच फोनवरून."

रेवतीने वळून पाहिलं. निरंजन काचेबाहेर बघत होता.

"दोन वर्षांपूर्वी तू कड्यावरून घसरलीस, तेव्हापासून माझी झोप उडाली होती," तो पुटपुटला. "काळजीपोटी केलं गं."

"आता माझ्याच्याने होत नाही म्हणून मी रडत होते, तेव्हा तू माझे पाय चेपत बसला होतास, निरंजन."

रेवतीने शाहीनकडे साधे कातडी बूट मागितले, ज्यांना काहीच शिकवता येत नाही असे.

"सुरुवातीला चावतील हं," शाहीन म्हणाली.

"चावू देत," रेवती नाड्या आवळत म्हणाली. "निदान कोण चावतंय ते कळेल तरी."