छातीवरचं पाणी

क्लिफर्डला दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागली, आणि डुलकीत त्याची छाती पाणी झाली. थोरला भाऊ काठावर उकिडवा बसून काडीने तिच्यावर पांढऱ्या मातीच्या रेघा ओढत होता. एक, तिच्याशेजारी दुसरी, तिसरी. रेघा हळूहळू हलत होत्या, त्यांच्या घराण्याच्या दलदलीत वारा सुटला की पाणी हलतं तशा. कातडी नितळ होती, लहानपणीची. मग खाज सुटली आणि तो जागा झाला.

समोर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा, आर्नहेमचा समुद्र उन्हात पांढरा पडला होता. छातीपासून कमरेपर्यंत गजकर्णाने राखाडी झालेली कातडी नखाखाली भुशासारखी निघत होती. शुक्रवारी विमान शहरातल्या शवागारातून थोरल्याला घेऊन येणार होतं. त्याच्या जीवाला दलदलीतल्या त्या पाण्यापर्यंत नाचत पोचवायचं ते धाकट्या भावानेच, घराण्याच्या रेघा उघड्या छातीवर रंगवून. मागे एका चुलत्याच्या मातीला क्लिफर्डच्या अंगावरचा रंग अर्ध्या नाचातच खपल्यांसकट गळून पडला होता. गाणारे गप्प झाले होते. तो चुलता वाट चुकून अजून किनाऱ्याने हिंडतो, असं बायका म्हणत. क्लिफर्डला त्याची लाज वाटे, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

दवाखान्यात काम करणारी डल्सी बाहेर आली आणि त्याच्याकडे पाठ करून खांबाशी उभी राहिली. वयाने ती त्याची मुलगी शोभली असती, पण नात्याने सासू लागायची. आणि सासू-जावयाने एकमेकांशी बोलायचं नाही, बघायचंही नाही. पायरीवर एक पिवळा कुत्रा पसरला होता. तिने त्यालाच मध्यस्थ केलं.

"कुत्र्या, विचार त्याला, अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या चार दिवसांत कशा संपल्या?"

क्लिफर्ड समुद्राकडे बघत कुत्र्याला म्हणाला, "सांग तिला, घरात सात जण खाजवतात. पोरं समोर बसून अंग ओरबाडतायत आणि मी एकट्याने गोळी गिळू? मी काय चोर आहे?"

 डॉक्टर असता तर त्याने डोक्याला हात लावला असता. पण डल्सीच्या घरीही एक मासा आला तरी सगळ्यांच्या तोंडाला लागल्याशिवाय संपत नसे. तिने कुत्र्याला नीट समजावून सांगितलं. चार-चार गोळ्यांनी सातांतला एकही बरा होत नसतो, आणि एकटा बरा झाला तरी घरातून त्याला पुन्हा लागतंच. उद्या सातही जणांनी यायचं. ज्याचं पाकीट त्याला, पोरांना वजनाप्रमाणे. गाद्या उन्हात टाकायच्या, पांघरुणं धुवायची.

"आणि एवढं करून चार आठवडे तरी लागतील म्हणावं," ती म्हणाली. "शुक्रवारी नाचाला भाच्याला उभं करा."

क्लिफर्डने नकारार्थी मान हलवली. भाचा चांगला नाचायचा, पण तो दुसऱ्या घराण्याचा, ते पाणी त्याचं नव्हतं. पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मिटल्या डोळ्यांआड ते पाणी अजून हलतच होतं, कुठलीच घाई नसल्यासारखं.  मग तो कुत्र्याकडे वळला.

"तिला म्हणावं, शहरात फोन लाव. विमान इतक्यात नको."

"आणि थोरला?" डल्सी विचारून बसली, थेट त्यालाच, आणि जीभ चावून तिने तोंड पदराआड करावं तसं हाताने झाकलं.

क्लिफर्डने ते ऐकलंच नाही असं दाखवलं. पण उत्तर दिलं, कुत्र्याला.

"थांबेल तो. शिकारीला गेलो की जन्मभर तोच पुढे जायचा, आणि जन्मभर तोच माझ्यासाठी थांबायचा."