वडिलांसाठी प्रार्थना

"वडिलांसाठी प्रार्थना करा," पुतणी म्हणाली. "देव दार ठोठावतोय आणि ते आतून कडी लावून बसलेत."

चर्चच्या प्रार्थनेच्या खोलीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. निवृत्त नर्सबाईंनी चष्मा पुसायला घेतला, तर बेकरीवाला छताकडे बघू लागला. थोरल्यांनी, म्हणजे तिच्या काकांनी, मात्र छाती फुगवून खुर्ची पुढे ओढली. देवाला न जुमानणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी ती त्यांनीच, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. निदान त्यांची तशी खात्री होती.

पुतणीचा बाप म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघे एकाच दुकानात सोफे बनवायचे. धाकट्याची बायको गेली तेव्हा तो कबरीपाशीच ओरडला होता, "तुमच्या देवाला डोळे असते तर हे झालंच नसतं!" थोरल्यांनी त्याला चारचौघांत सुनावलं, "पुन्हा माझी पायरी चढू नकोस." मग धाकट्याने समोरच वेगळं दुकान थाटलं. पुढे तो दोनदा थोरल्यांच्या दारात येऊन गेला, पण यांनी दार उघडलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. भाऊ असला म्हणून काय झालं?

आणि आता अशा माणसासाठी गुडघे टेकायचे! त्याला मन मोठं लागतं. आपलं ते आहे, याचं थोरल्यांना मनापासून कौतुक वाटलं.

"प्रभू," त्यांनी आवाज लावला, "हे दगडाचं काळीज फोड. हा ताठा मोड. भावाच्या गळ्यात पडून रडायला लाव!"

"आमेन!" खोली दणाणली. एरवी पुटपुटणाऱ्या बेकरीवाल्याने आज चक्क टेबलावर थाप मारली.

"घरी कसा आहे तो?" निघताना थोरल्यांनी विचारलं.

"बाबा बरे आहेत," पुतणीने डोळे पुसले. "काका, असंच रोज मागा. तुमच्या तोंडून मागितलेलंच फळेल."

मग काय विचारता! रोज संध्याकाळी थोरल्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. सकाळी दुकान उघडण्याआधी ते घराच्या दारावरची पितळी पाटी घासत. चर्चच्या मंडळीने निवडून दिलेलं पद नावाखाली ठसठशीत कोरलेलं होतं: 'मंडळीचे वडील'. समोरच्या दुकानातून ती वाचता यावी इतकी ते ती चमकवत.

सोफ्यावर कापड चढवताना मात्र पंचाईत व्हायची. एकाने ताणायचं, दुसऱ्याने खिळे ठोकायचे, असं ते दोघांचं काम. थोरले गुडघ्याने कापड दाबून धरत, तरी सुरकुती राहायचीच. मग जीव तुटायचा. समोर रस्ताभर अंतरावर धाकट्याची हातोडी वाजत असे. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण चूक त्याची होती, तेव्हा यायचं ते त्यानेच.

आणि एका संध्याकाळी प्रार्थनेच्या खोलीचं दार वाजलं. नर्सबाईंनी उघडलं. दारात धाकटा उभा होता, हातोडी तशीच हातात. त्याचे केस किती पांढरे झालेत, ते थोरल्यांना आज जवळून दिसलं.

"बाबा!" पुतणी उठून उभी राहिली.

थोरले खुर्चीतून हलले नाहीत. विजय मिळाला होता, तो बसूनच स्वीकारायचा होता.

"आलास शेवटी," ते म्हणाले. "माझी प्रार्थना फळली."

"देवाचं नि माझं अजून बोलणं नाही, दादा," धाकटा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "पण पोरगी सांगत होती, तुमच्या मंडळीचे वडील फार ताठ आहेत, सगळे त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतात, आणि सगळ्यांत मोठ्याने ते स्वतःच करतात. म्हटलं, तिसऱ्यांदा दार वाजवून बघू, कडी निघाली का."