काम फत्ते

दारासमोरचं गटार सात महिने उघडंच होतं. शेवटी यामना नगरपालिकेत जाऊन कारकुनावर कडाडली, "आमच्या ह्यांना धड दिसत नाही. उद्या आत पडले, तर चिखलासकट उचलून तुमच्या साहेबांच्या खुर्चीत बसवीन."

तासाभरात झाकण बसलं. त्यावर उभं राहून नगराध्यक्षांनी फोटो काढून घेतला. लगेच नगरपालिकेच्या पेजवर बातमी झळकली: 'सकाळी तक्रार, दुपारी काम फत्ते.'

"मेल्यांना शिव्यांचीच भाषा कळते," म्हणत यामनाने फोटो मोठा करून पाहिला. झाकणावर निळ्या रंगाचा ओघळ होता. वसंतात रिवाजाप्रमाणे लेकीच्या दारापुढची गल्ली निळी रंगवताना तिथल्या गटाराच्या झाकणावर यामनाच्याच डब्यातून सांडलेला.



शुक्रवारच्या जेवणातल्या कुसकुसचं पातेलं घेऊन नवरा नुकताच लेकीकडे निघाला होता.