परक्या गावचा माणूस

पेलेग्रीन शिपायाने चादर ओढली आणि डॉक्टर ओराझियोंचा हात टेबलाच्या चाकावरच थांबला. समोर त्यांचा धाकटा भाऊ होता, मेओ.

फासाने चेहरा सुजला होता. पण डाव्या तळव्यावरचा भाजल्याचा डाग ते कसा विसरतील? लहानपणी डोंगरातल्या घरी मेओने निखारा उचलला होता आणि बापाचा मार ओराझियोंनी खाल्ला होता.

वर लाकडी कठड्यांवर मुखवटे घातलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. कार्निव्हलच्या जत्रेच्या दिवसांत बोलोन्या शहरात एक वेळ नाटकाला जागा मिळेल, पण ओराझियोंच्या चिरफाडीला नाही. त्यांनी स्वतः घडवलेलं ते टेबल चाक फिरवताच प्रेताला उभं करी, वळवी, मागच्या रांगेलाही काळीज दाखवी. बायकांनी आपल्या पंख्यांवर त्याची चित्रं काढून घेतली होती. ओराझियोंना हे सगळं आवडायचं. खोटं कशाला बोला.

"कुठला हा?" त्यांनी विचारलं.

"लांब डोंगरातला आहे साहेब. देवळातली चांदी उचलली मेल्याने. नियमात बसतोय." तीस मैलांच्या आतला माणूस इथे चिरत नसत, गर्दीत त्याच्या नात्यातलं कुणी निघालं तर काय घ्या. पेलेग्रीन जवळ सरकला. "आणि गंमत ऐका. पकडल्यापासून याचा एकच धोशा. डॉक्टर माझा भाऊ, त्यांना बोलवा. फासापर्यंत तेच."

"मग बोलावलं का नाहीत मला?"

"किती वेळा बोलावू? गेल्या महिन्यात तुरुंगात तुमचे चार भाऊ नि एक सासरा होता. मोठ्या माणसाचं असंच असतं. ज्याला त्याला नातं लावायची हौस."

शहराला ओराझियोंनी सांगून ठेवलं होतं, आपण फेरारा गावच्या वकिलाचे एकुलते एक. आता तोंड उघडलं तर मान, पद, सगळं मातीत. नाही उघडलं तर हातात सुरी. त्यांनी सुरी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. वरून लोक पाय आपटू लागले.

पेलेग्रीनने काठी आपटून रिवाजाचा पुकारा केला, "या देहाचं इथे कुणी आहे?"

"माझी सासू दिसतेय," वरून कुणी म्हणालं. खसखस पिकली.

दुसरा पुकारा. ओराझियोंनी डोळे मिटले.

तिसरा.

"मी आहे," ते म्हणाले. "माझा भाऊ आहे हा."

सबंध सभागृह हसून फुटलं. लोक उभे राहिले, कुणी टोप्या उडवल्या.

"साहेब, कमाल केलीत," पेलेग्रीन पोट धरून म्हणाला.

"ऐका, देवाशपथ, माझ्या पाठचा आहे हो," ओराझियो ओरडत होते. टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी मेओचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि ते गुडघ्यांवर बसले.

पुढच्या रांगेतल्या बाईने मुखवटा वर करून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं आणि शेजारणीला कोपर मारलं, "बघ बघ, आता रडतोय. अगदी हुबेहूब."