परीक्षक

शिडीवर उभी राहून एथना छपराच्या कडेला हिरव्या पताका बांधत होती. धाकटा भाऊ मॅलकी खाली शिडी धरून उभा होता. संत पॅट्रिकच्या सणाला चार दिवस उरले होते, आणि समुद्रावरचा वारा बांधलेली प्रत्येक पताका उलटीपालटी करत होता.

या वर्षी मॅलकीला भलताच उत्साह. सजावटीची स्पर्धा आहे, आपलं घर पहिलं आलं पाहिजे, असं त्यानं फेब्रुवारीतच सांगून टाकलं होतं. एरवी महिन्यातून एकदा डोकावणारा हा माणूस आता रोज यायचा. त्यानं भिंती रंगवल्या, गळकं पन्हाळ बदललं. शेजारच्या डिम्फ्नाला स्पर्धेचा पत्ताच नव्हता. एथनाकडून कळल्यावर, "तुझा भाऊ सणाच्या कमिटीत, मग बक्षीस तुलाच," असा टोमणा तिनं मारला. एथना नुसती हसली.

वडिलांनी घर मॅलकीच्या नावावर केलं होतं, पण राहिली तीच. अठरा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं तिनं केलं, त्यात लग्न राहून गेलं. आता ती एकाहत्तर वर्षांची होती. भावानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. हातात ब्रश घेऊन तो तेच बोलतोय, असं तिनं मानून घेतलं.

"परीक्षक घर आतूनही बघतील," तो खालून म्हणाला. "पण तू स्पर्धेचा विषय काढू नकोस. ओळखलंस असं दिसलं, की गुण गेले."

"मग बोलू काय?"

"घराबद्दल बोल. ते तुला छान जमतं."

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी गॉलवेहून एक जोडपं आलं. मॅलकीनं पाठवलंय म्हणाले. एथनानं त्यांना चहा दिला, सोडाब्रेडला लोणी लावून दिलं. खिडक्यांवरची कागदी शॅमरॉकची तीन दलांची पानं दाखवली, आईची खोली दाखवली. इथून होड्या परतताना दिसतात, हेही सांगितलं. नवरा अबोल होता. त्यानं भिंतीवर बोटानं टकटक करून पाहिलं. हिवाळ्यात ओल येते का, असं बायकोनं विचारलं. एवढं बारकाईनं बघतात म्हणजे घर नक्की आवडलं, असं वाटून एथना हरखली. तिनं त्यांना माळासुद्धा दाखवला.

निघताना दारात त्या बाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. बाईचे डोळे भरून आले होते.

"आमच्यासाठी एवढं घर सजवलंत. राहतं घर विकून जाताना माझ्याच्यानं नसतं झालं," ती म्हणाली. "मॅलकी सांगत होते, एक तारखेपासून वृद्धाश्रमात जायचं तुमचं तुम्हीच ठरवलंत."