बाईंची भूमिती

"अगं, माझ्या डोक्यातलं जसंच्या तसं तुझ्या डोक्यात उतरवलंय! मग साधा त्रिकोण काढताना घाम कसला फुटतो तुला?" खानोलकर बाई कावल्या होत्या. शिकवणीची यंत्र-टोपी डोक्यावर चढवली की बाईंना येणारं सगळं दहावीतल्या मृण्मयीला येई. इतिहास, विज्ञान, संस्कृत बिनबोभाट उतरलं. भूमितीपाशी मात्र गाडं अडलं होतं.

"आण इकडे, मीच काढते!" म्हणत त्यांनी रागाने पट्टी उचलली.

मृण्मयी ताडकन उभी राहिली. तिला जन्मात कुणी बोटही लावलं नव्हतं. तरी डोळे घट्ट मिटून तिने तळहात पुढे केला, अंगठा आत मुडपून.

बाईंचा हात हवेतच राहिला. पट्टीच्या मारापासून अंगठा असा वाचवायला त्या स्वतः सातवीत शिकल्या होत्या, भूमितीच्या तासाला.