सनदेतला एक शब्द

सनद इंग्रजीत होती, तरी ब्रदर एल्मर ती अडखळत वाचत होता. दीडशे वर्षांपूर्वीची, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याआधीची. ती जुनी अक्षरं ओळखणारा मठात आता तेवढा तोच उरला होता.

"गावाचं कुरण... ओढ्यापासून... हाइथपर्यंत." तो थांबला.

समोर राजाचा न्यायाधीश बसला होता. त्याला फक्त फ्रेंच कळत होतं. सरदाराने कुरणाला कुंपण घातलं होतं, आणि गावाकडे पुरावा म्हणून हे एवढं एकच लिहिलेलं कातडं होतं.

"हाइथ म्हणजे काय?" एल्मरने मागे वळून गावकऱ्यांना विचारलं.

"तुम्ही शिकलेले, आणि आम्हाला विचारता?" गावातर्फे उभा राहिलेला रॉबर्ट चिडला. "आपलीच बोली ना ही? मग निम्मं का कळत नाही?"

"परत म्हणा बरं," आल्डिथ म्हातारी वाट काढत पुढे आली. एल्मरने परत वाचलं. "अरे, हाइथ! होड्या लागायच्या ती जागा. माझी आजी ओरडायची, हाइथवर जाऊ नकोस, बुडशील."

"म्हणजे पार नदीपर्यंत!" रॉबर्टने म्हातारीचे खांदेच धरले. "अख्खं कुरण आपलं!"

एल्मरने घाईघाईने सगळं फ्रेंचमध्ये सांगितलं. न्यायाधीशाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हा शब्द तुला ठाऊक होता?"

"नाही, साहेब."

"बाईला वाचता येतं?"

"नाही."

"ज्याला वाचता येतं त्याला अर्थ ठाऊक नाही. जिला अर्थ ठाऊक आहे तिला वाचता येत नाही. मग साक्ष कोणाची लिहू?"

एल्मरला उत्तर सुचलं, पण आपल्या बोलीत. फ्रेंच शब्द जुळवेपर्यंत न्यायाधीशाच्या कारकुनाने लॅटिनमध्ये दोन ओळी लिहिल्याही होत्या. कुरण सरदाराचं. कारकुनाने सनद उलटून पाहिली आणि एल्मरच्या हातात दिली. "कातडं चांगलं आहे. अक्षरं खरवडा आणि पुन्हा वापरा."

बाहेर आल्यावर आल्डिथने हळूच विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही आजी. तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत."

"मग?" रॉबर्टने त्याची बाही धरली. "मग न्याय कुठे आहे, ब्रदर?"

'न्याय' हा शब्द रॉबर्टने न्यायाधीशाच्या फ्रेंच भाषेतला वापरला. आपल्या बोलीतला त्याला ठाऊकच नव्हता.